एंडोमेट्रिओसिस: केगल नको, आधी स्नायू सैल करा

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी वाढ गर्भाशयाबाहेर होते आणि पाळीत फार दुखतं. कळा आल्या की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे पेल्विक फ्लोअर, आपोआप आवळले जातात. वर्षानुवर्षं असंच चाललं की पाळी संपल्यावरही ते सुटत नाहीत. मग बसताना माकडहाडाशी ठणका, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवी अडखळत होणं. लॅप्रोस्कोपीनंतरही, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही, दुखणं उरतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. फिजिओथेरपीने एंडोमेट्रिओसिसची वाढ जात नाही, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांची औषधं सोडायची नाहीत.

मोबाइलवर बघून केगल, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचा व्यायाम, सुरू करू नका. आवळलेला स्नायू आणखी आवळला की दुखणं वाढतं. केगल करायचं की नाही, हे तपासणीनंतरच ठरतं.

सुरुवात श्वासापासून. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली लोड घ्या, एक हात छातीवर, एक बेंबीखाली. ४ मोजत नाकाने श्वास घ्या. पोट आणि बरगड्यांच्या बाजू फुगू द्या. त्याच वेळी गुदद्वाराभोवतीचा भाग किंचित खाली उतरतो. तो उतरू द्यायचा, ढकलायचा नाही. ६ मोजत सोडा. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. काहीच जाणवत नसेल तर टॉवेलची गुंडाळी खुर्चीवर पुढून मागे अशी ठेवून तिच्यावर बसा. श्वास घेताना खालून तिचा दाब वाढलेला कळतो. चक्कर आली तर श्वास फार ओढून घेताय, हळू घ्या.

हे जमलं की बालासन (गुडघे दुमडून बसून पुढे वाकणं) करा: गुडघे एकमेकांपासून लांब, पोटाखाली उशी, १ मिनिट. दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं की ताण कमी करा. पाळीच्या जड दिवसांत फक्त श्वास आणि शेक. शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं, तेवढं पुरे. पोटावर तपकिरी जाळीसारखे डाग दिसू लागले, तर शेक फार होतोय.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, घामावाटे पाणी जातं, शौच कडक होतं आणि जोर लावताना हेच स्नायू पुन्हा दुखावतात. म्हणून कूलरसमोर बसलात तरी पाणी पीत राहा. कमोडवर पायांखाली साधारण २० सेंटिमीटरचा स्टूल घ्या, कोपर मांड्यांवर टेका, श्वास कोंडू नका. तोंडाने हळू फुंकर मारत सोडा. बाहेरच्या संडासात कमोडवर अधांतरी राहून लघवी केली तर स्नायू सुटतच नाहीत. सीट पुसून, कागद टाकून नीट बसा. सावजीच्या झणझणीत रश्श्यानंतर लघवीला जळजळ वाढत असेल, तर दुखण्याच्या दिवसांत तो टाळा.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत फिजिओथेरपिस्ट पुष्कळ आहेत, मेडिकलमध्येही (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) विभाग आहे. पण गुडघे-कंबर बघणारे सगळेच हे काम करत नाहीत. फोनवर सरळ विचारा: पेल्विक हेल्थचं प्रशिक्षण घेतलंय का? तपासणारी बाई असेल का? सोनोग्राफी, एमआरआय आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या. आतली तपासणी हातमोजा घालून, जेली लावून, एका बोटाने होते. ती तुमच्या होकारानेच व्हायला हवी, आणि मध्येच थांबवायला सांगता येतं. नको असेल, लग्न झालेलं नसेल, तरी बाहेरून तपासून उपचार सुरू करता येतात.

ताप, अचानक असह्य कळ, लघवी-शौचातून रक्त, किंवा जांघेत बधिरपणा जाणवला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.