सामाजिक संस्थेसाठी फोटो काढताना पैसे घ्यायचे का?

घ्यावेत. मेळघाटात आरोग्याचं किंवा यवतमाळात शेतकरी कुटुंबांसोबत काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पात डॉक्युमेंटेशनचा खर्च बऱ्याचदा आधीच धरलेला असतो. पहिल्या फोनवरच तो विचारा.

कोटेशनमध्ये शूटिंग, एडिटिंग, गाडीभाडं आणि मुक्काम वेगवेगळे लिहा. अमरावतीहून मेळघाटातल्या धारणीला जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. तो धरला नाही तर तोटा तिथेच होतो. सवलत देत असाल तर पूर्ण दर लिहून खाली सूट दाखवा, नाहीतर सवलतीचा दरच तुमचा कायमचा दर ठरतो.

गावातलं मंडळ वर्गणीवर चालत असेल तर खुशाल फुकट करा, पण फोटो किती आणि कधी देणार हे लेखी ठेवा. फुकट कामावर देणगीची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मिळत नाही. ती पैशाच्या देणगीवरच असते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष कॉपीराइटकडे होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून कॅमेरा काढण्याआधीच हक्क कुणाचा, फोटो कुठे आणि किती वर्षं वापरणार, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा. मुलांच्या फोटोंना पालकांची लेखी संमती हवीच. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी घरात ती कोरकूतच समजावून घ्या.