सोलापुरातून समुद्रावर गरवायला: आधी पंचांग काढा

उजनीच्या काठावर चिलापी आणि मरळ धरून हात बसलेला सोलापूरकर पहिल्यांदा समुद्रावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो, तेव्हा फसतो तो पाण्यामुळे. मीही फसलो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, आंबा घाट अशी रात्रभर गाडी हाणली आणि पहाटे रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर उभा राहिलो, तर समोर नुसता चिखल. पाणी कुठल्या कुठं गेलेलं. त्या दिवशी अमावास्या होती. साडेतीनशे किलोमीटरच्या वर जायचं, तर निघायचा दिवस आधी ठरवायला हवा.

त्यासाठी लागणारी वस्तू आपल्याच गावात तयार होते. दाते पंचांग सोलापूरचं. त्यात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास भरती पुरी होते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा कोकणातल्या लोकांचा अंदाजाचा हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात खेचतं आणि गळ बुडवायला बांधलेलं शिसाचं वजन जागेवर ठरत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी सुस्त. नवख्याने मधला दिवस धरावा. मला दशमी आवडते. भरती सकाळी साडेसातला पुरी होते, म्हणजे उजाडताना पाणी चढतं असतं आणि मासा त्याच्याबरोबर काठाला येतो. एकादशीही तितकीच चांगली, पण पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून एकादशीला मासे धरायला निघालात, तर घरात काय ऐकावं लागेल ते तुमचं तुम्ही बघा.

आता महिने. सप्टेंबर संपता संपता पावसाचं गढूळ पाणी निवळू लागतं. तिथून नोव्हेंबरपर्यंतचा काळ माझ्या मते सगळ्यात चांगला. नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी बसा: भाट्ये, पूर्णगड, जयगड. तांबोशी आणि जिताडा अशाच ठिकाणी, खडकांच्या आणि जेटीच्या खांबांच्या आडोशाला दबा धरून असतात. थंडीत पाणी नितळ होतं आणि माशाला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, दिसतो, म्हणून बारीक तंगूस वापरा. मार्च ते मे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, फेकलेला गळ मागे येतो. तेव्हा पहाट किंवा रात्र. उन्हाचं आम्हाला काय सांगता, असं म्हणू नका. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, पाणी दुप्पट न्या.

जून-जुलैत जाऊच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. आणि काठावरून गरवणाऱ्याला ओढून न्यायला खडकावरची एक लाट पुरे होते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देतात, त्यानंतर तुम्ही जायचा विचार करा. तोवर मैदानात नुसतं शिसं बांधून फेकायचा सराव करा.

सामान: नऊ-दहा फुटी रॉड, मध्यम रीळ, चाळीस ते साठ ग्रॅमचं शिसं. उजनीचे बारीक गळ नेऊ नका, तांबोशी ते सरळ करून जाते. तंगुसात आधी शिसं मोकळं ओवा, मग फिरकी (तंगूस पिळू न देणारी फिरती कडी) बांधा, फिरकीपुढे दीड फूट जाड तंगूस आणि टोकाला गळ. शिसं मोकळं असल्याने माशाला ओझं जाणवत नाही. आमिष म्हणून तिथल्याच बाजारातली ताजी कोळंबी, शेपटीकडून ओवलेली. दर दहा-पंधरा मिनिटांनी गळ काढून बघा. खेकडे आमिष कुरतडून नेतात आणि आपण मोकळ्या गळाकडे बघत बसतो.

मासा लागला की हात घालायची घाई नको. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत विषारी काटे असतात, पाकटाच्या शेपटीतही. टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. मग डॉक्टर गाठा. पोट फुगवणारा केंड मिळाला तर परत सोडा. तो विषारी आहे, शिजवूनही विष जात नाही. बोटभर पिल्लंही सोडा.

उठताना रॉड आणि रीळ गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत मिठाने गंजायला सुरुवात होते. परतीची वाट लांब आहे. मासे तिथेच साफ करून आतडी काढा आणि बर्फाच्या थरांत ठेवा. वितळलेलं पाणी मधेमधे ओतून द्या, आणि मिरजेत कडक भाकरी-शेंगाचटणी खायला थांबाल तेव्हा डब्यात नवा बर्फ भरून घ्या.