सूत्रसंचालन नको, लिंबू तिच्या हातात द्या

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात बायकांच्या वाट्याला काय येतं, ते पत्रिकेवरच दिसतं: स्वागतगीत, सूत्रसंचालन, आभार. चमत्कार करून दाखवतो पुरुष, त्यामागचं कारण सांगतो पुरुष आणि प्रश्नांना उत्तरंही तोच देतो. हे बदलायचं तर प्रयोग, उलगडा आणि उत्तरं ही तिन्ही कामं बाईकडे जायला हवीत. यातलं एकच दिलं तर ती मदतनीस ठरते.

सुरुवात बचत गटाच्या बैठकीपासून करा. तीसेक बायका पुरेत. वेळ दुपारी दोन ते साडेतीन. संध्याकाळी पाणी येतं, स्वयंपाक असतो, मग बाया अर्ध्यातून उठतात. जागा अंगणवाडी किंवा समाजमंदिर. देवळाचा सभामंडप मोठा, फुकट आणि सोयीचा असतो, पण पाळी आलेल्या बायका तिथे पायच ठेवत नाहीत आणि का आल्या नाहीत तेही सांगत नाहीत. स्टेज, माइक, हार काही नको. सतरंजीवर गोल करून बसा. पुरुष कार्यकर्त्यांनी चहाचं बघावं.

प्रयोग करणारी गटातलीच निवडा आणि चार दिवस आधी तिच्याकडून दोनदा करून घ्या. तिला 'वैज्ञानिक दृष्टिकोन' वगैरे शब्द पाठ करायला लावू नका. घरात जशी बोलते तशीच बोलू द्या.

पहिला प्रयोग कुंकवाच्या पंजाचा. एक चमचा हळद तीन-चार चमचे पाण्यात कालवून पांढऱ्या सुती फडक्याला लावा, सावलीत वाळवा आणि सुटी पूड झटकून टाका. उन्हात वाळवलं तर रंग विटतो. वाटाण्याएवढा खायचा चुना कपभर पाण्यात ढवळून तासभर ठेवा, वरची निवळी वेगळी काढा. तळहात निवळीत भिजवून फडक्यावर दाबला की लाल पंजा उमटतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीतला कर्क्युमिन हा रंग अल्कलीत, म्हणजे चुना, साबण, सोडा यांत, लाल होतो, आंबटात पिवळा राहतो, एवढंच.

फसतं ते बहुतेक वेळा चुन्यामुळे. डबीत कोरडा पडलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खडूसारखा होतो आणि मग रंग नीट चढत नाही. ताजा चुना आणा, नाहीतर पाव चमचा धुण्याचा सोडा वापरा. बोटाला चीर असेल तर चुना झोंबतो. प्रयोग झाल्या झाल्या हात धुवावेत, तोवर डोळ्यांना लावू नयेत.

पंजा उमटला की कारण लगेच सांगून टाकू नका. एवढंच विचारा: "हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?" मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. कुणीतरी म्हणतंच, "लाल होतो की!" पुढचा उलगडा त्याच बाईला करू द्या, अडली तरच प्रयोग करणारीने हात द्यावा. हे कारण ती कपडे धुताना कितीदा पाहून बसलेली असते.

दुसरा, लिंबातून रक्त. लाल जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या स्टीलच्या सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी चोळा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या पात्याचा रंग आधीच दिसतो आणि गुपित फुटतं. लिंबू रसाळ हवं, कापताना पातं थोडं मागेपुढे करावं. फुलातलं रंगद्रव्य आंबटात लालभडक होतं. जळता कापूर किंवा आपोआप पेटणारा होम मात्र या बैठकीत नकोच. नायलॉनच्या पदराला पेटायला क्षण पुरतो.

मग प्रश्न. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की शांतता. चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या तर लिहिता न येणारी गप्प होते. त्याऐवजी शेजारणीशी दोन मिनिटं बोलायला सांगा आणि तिने काय विचारलं ते हिला सांगू द्या. दुसरीचा प्रश्न म्हणून बाई बिनधास्त बोलते.

"तुम्ही देव मानत नाही का?" हा प्रश्न येणारच. वाद घालू नका, कायदा काय म्हणतो तेवढं सांगा. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला. त्यात व्रत, पूजा, वारी, कीर्तन यांना बंदी नाही. बंदी आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करायला, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न द्यायला, अंगात शक्ती असल्याचं सांगून लैंगिक शोषण करायला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय 5,000 ते 50,000 रुपये दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. एखादी बाबाबद्दल बोलू लागली तर सगळ्यांसमोर तपशील विचारू नका. नंतर एकटीशी बोला, तिची तयारी असेल तर दोघीजणी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा.

बैठकीतच कुणाच्या अंगात आलं तर हसू नका, चापट मारू नका, "कोण आलंय?" असंही विचारू नका. गर्दी मागे सरकवा, भांडीकुंडी बाजूला करा, एक बाई जवळ बसू द्या. बहुधा थोड्या वेळात ओसरतं. शुद्ध हरपली, हातपाय आखडले तर तो आजार समजून दवाखाना गाठा. घरात जिचं कुणी ऐकत नाही, तिचं देवी बनल्यावर सासूसुद्धा ऐकते. म्हणून ढोंग आहे की खरं, या चर्चेत पडूच नये. दोन-चार दिवसांनी तिच्या घरी जाऊन झोप, जेवण, घरातला जाच यांबद्दल विचारा. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मानसिक त्रासात फोनवर सल्ला देणाऱ्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

उठण्याआधी पुढच्या वस्तीची तारीख ठरवा. तिथे आज लाल डागाचं कारण सांगणारी बाई प्रयोग करेल, आजची तिच्या शेजारी बसेल. फडकं आणि सुरी तिच्याच घरी तयार होऊ द्या. चुना तेवढा ताजा आणायला सांगा.