व्हँकुव्हर की कॅलगरी? कुटुंबासह कॅनडाच्या पश्चिमेला जाताना शहर कसं ठरवावं

कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळाला की घरात नकाशा उघडला जातो. टोरांटोची गर्दी नको, पश्चिमेकडे जाऊ, इथवर नवरा-बायकोचं पटकन एकमत होतं आणि मग गाडी अडते: व्हँकुव्हर की कॅलगरी? एक मामेभाऊ सांगतो, व्हँकुव्हरला समुद्र आहे, थंडी सोसवते. कॉलेजचा मित्र सांगतो, कॅलगरीत पगारात घर घेता येतं. दोघंही खरंच सांगत असतात, पण आपापल्या घरापुरतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्याची नोकरी आधीच पक्की आहे किंवा सहज लागणार आहे, त्याच्यावरून शहर ठरवू नका. दुसऱ्यावरून ठरवा. आपल्याकडे हा दुसरा माणूस बहुतेक वेळा बायको असते: इथे दहा-बारा वर्षं शिकवलेली शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, बँकेतली अधिकारी. तिकडे गेल्यावर तिची दोन-तीन वर्षं वाया गेली, तर घरभाड्यात वाचवलेले पैसे ते नुकसान भरून काढत नाहीत. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

1. आधी कागद बघा

पीआर कोणत्या मार्गाने मिळतोय? ब्रिटिश कोलंबिया (व्हँकुव्हरचा प्रांत) किंवा अल्बर्टा (कॅलगरीचा प्रांत) यांच्या नॉमिनेशनवर, म्हणजे प्रांताच्या शिफारशीवर मिळत असेल, तर निवड तिथेच झाली. त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा आहे, असं तुम्ही अर्जात लिहून दिलेलं असतं. विमानतळावर उतरताना वेगळं सांगितलंत तर अडचणीत याल. एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या गुणांवर निवड करणाऱ्या योजनेतून, नॉमिनेशनशिवाय आला असाल, तर दोन्ही दारं उघडी आहेत.

2. दुसऱ्या नोकरीचा तपास पहिला करा

कॅनडात शिक्षक, नर्स, इंजिनिअर, दंतवैद्य, बालवाडी शिक्षिका अशा व्यवसायांचे परवाने केंद्र सरकार देत नाही, प्रांत देतो. त्यामुळे एकाच पदवीला कॅलगरीत एक वाट असते आणि व्हँकुव्हरला दुसरी. परवाना देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जा आणि तीन गोष्टी लिहून काढा: कोणती कागदपत्रं भारतातल्या विद्यापीठाकडून थेट मागवतात, इंग्रजीची कोणती परीक्षा किती गुणांनी लागते, आणि स्थानिक अनुभव मागतात का. ब्रिटिश कोलंबियाने या शेवटच्या अटीविरुद्ध कायदाच केला आहे. 1 जुलै 2024 पासून तिथे 29 व्यवसायांच्या संस्थांना परदेशी पदवीधरांकडून कॅनडातल्या कामाचा अनुभव सरसकट मागता येत नाही.

विद्यापीठाचे सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट भारतात असतानाच काढा. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या खिडकीवरचं काम कॅलगरीहून फोनवर करायला गेलात, तर आई-वडिलांना हेलपाटे पडतात.

परवाना लागत नसेल तर बाजार बघा. कॅलगरी हे तेल आणि वायू कंपन्यांच्या मुख्यालयांचं शहर. पाइपलाइन, प्रोसेस, सिव्हिल, अकाउंट्स, सप्लाय चेन या क्षेत्रांतल्या माणसाला तिथे जागा सापडते. पण 2014 च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले तेव्हा याच शहरात हजारोंनी नोकऱ्या गेल्या आणि डाउनटाउनच्या इमारतींचे मजलेच्या मजले रिकामे पडले. नवरा-बायको दोघंही तेलावर अवलंबून असतील, तर हा धोका डोळ्यांसमोर ठेवा. व्हँकुव्हरला सॉफ्टवेअर, गेम, सिनेमाचं व्हीएफएक्स, बंदर आणि जहाजवाहतूक आहे. मुंबई-पुण्यात अॅनिमेशनमध्ये काम केलेल्यांची ओढ व्हँकुव्हरकडे असते, ती यामुळेच.

मनासारखी नोकरी लागेपर्यंत दुकानात, कॅफेत काम करावं लागलं तर? ब्रिटिश कोलंबियात जून 2025 पासून किमान वेतन ताशी 17.85 डॉलर झालं. अल्बर्टात 2018 पासून ते 15 डॉलर आहे.

3. मुलाचं वय लिहा आणि त्याप्रमाणे तपासा

इथे दोन शहरांमधला फरक सगळ्यात जास्त जाणवतो, आणि नेमकं हेच आधी कुणी सांगत नाही.

मूल शाळेच्या वयाखालचं असेल तर अल्बर्टाचं पारडं जड आहे. एप्रिल 2025 पासून तिथे परवानाधारक डेकेअरची पूर्णवेळ फी सरसकट महिना 326.25 डॉलर केली. ब्रिटिश कोलंबियात दिवसाला 10 डॉलरची, म्हणजे महिना जास्तीत जास्त 200 डॉलरची केंद्रं आहेत. पण ती मोजकी आहेत आणि त्यांच्या याद्या लांबलचक. बाकीच्या केंद्रांत सरकार फीचा काही भाग उचलतं, तरी उरलेली रक्कम जड जाऊ शकते. दोन्हीकडे नाव यादीत टाकायला वेळ लावू नका. पोहोचायची तारीख ठरली की ईमेल करा, भारतातूनच.

मूल पाच वर्षांचं होत असेल तर पारडं फिरतं. ब्रिटिश कोलंबियात किंडरगार्टन पूर्ण दिवस असतं, सकाळी सोडलं की दुपारी अडीच-तीनपर्यंत निश्चिंत. कॅलगरीतल्या बहुतेक सरकारी शाळांत ते अर्धा दिवस असतं. आता डोळ्यांसमोर आणा: जानेवारीचा दिवस, बाहेर उणे वीस, मुलगी साडेआठला शाळेत गेली आणि अकरा-साडेअकराला सुटली. तिला स्नोपँट, बूट, हातमोजे, टोपी चढवून आणायचं कोणी? दोघं कामावर असतील तर शाळेतून उचलून नेणारं डेकेअर शोधावं लागतं. ते नाही मिळालं तर नोकरी सोडावी लागते ती पुन्हा त्या दुसऱ्या माणसालाच. म्हणून शाळेत प्रवेशाचं विचारण्याआधी हे विचारा: तुमच्याकडून मुलं उचलणारं डेकेअर कोणतं, आणि त्यात जागा आहे का?

मोठ्या मुलांसाठी घराचा पत्ता महत्त्वाचा. दोन्ही शहरांत सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. पण कॅलगरीच्या कडेच्या नव्या वसाहतींत शाळा भरून जातात आणि मग मुलाला बसने दूरच्या ‘ओव्हरफ्लो’ शाळेत पाठवतात. व्हँकुव्हरजवळच्या सरी शहरातही तीच तऱ्हा आहे. तिथे मैदानात पोर्टेबल वर्ग उभे केलेले दिसतील. घराचा करार करण्याआधी शाळा मंडळाला फोन करून तो पत्ता सांगा आणि या वर्षी या इयत्तेत याच शाळेत प्रवेश मिळेल का, हे विचारा. घरमालकाच्या ‘शाळा समोरच आहे’ यावर विसंबू नका. अल्बर्टात कॅथलिक शाळा मंडळही सरकारी पैशावर चालतं आणि चार्टर शाळाही (सरकारी पैशावर, पण शाळा मंडळाबाहेर चालणाऱ्या) आहेत, त्यामुळे तिथे पर्याय जास्त आहेत.

4. पैशाचा तक्ता मांडा, महिन्याचा

वार्षिक पगाराच्या आकड्याला भुलू नका. एका कागदावर दोन रकाने करा आणि हातात येणाऱ्या पगारापासून सुरुवात करा.

खरेदीवर व्हँकुव्हरला 5 टक्के जीएसटी आणि 7 टक्के प्रांताचा कर, कॅलगरीत नुसता 5 टक्के. हजार डॉलरचा सोफा एकीकडे 1120 ला पडतो, दुसरीकडे 1050 ला. डाळ, तांदूळ, दूध, भाजीवर दोन्हीकडे कर नाही.

भाडं व्हँकुव्हरला बरंच जास्त आहे, पण भाडेकरूला संरक्षणही जास्त. ब्रिटिश कोलंबियात प्रांत दरवर्षी भाडेवाढीची मर्यादा ठरवतो (2025 साली ती 3 टक्के होती), अनामत अर्ध्या महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि कराराची मुदत संपली तरी सहसा दरमहा तत्त्वावर राहता येतं. अल्बर्टात वर्षातून एकदाच भाडं वाढवता येतं, पण किती वाढवावं याला मर्यादा नाही. अनामत एका महिन्याच्या भाड्यापर्यंत जाते. मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायचं बंधनही मालकावर नसतं. कॅलगरीचं स्वस्त भाडं मांडताना दुसऱ्या वर्षाचा आकडा थोडा वाढवून धरा.

घर विकत घेताना व्हँकुव्हरला प्रॉपर्टी ट्रान्सफर टॅक्स येतो. पहिल्या दोन लाखांवर 1 टक्का, पुढे वीस लाखांपर्यंत 2 टक्के. म्हणजे नऊ लाख डॉलरच्या घरावर 16,000 डॉलर, रोख. कॅलगरीत असा कर नाही, नोंदणीची किरकोळ फी असते.

मोटारीचा रकाना मात्र कॅलगरीला महाग पडतो. तिथे दोघं नोकरी करत असतील तर बहुतेक वसाहतींत दोन गाड्या लागतात, व्हँकुव्हरला स्कायट्रेन या मेट्रोजवळ राहिलात तर एकीत भागतं. विम्याची तऱ्हाही वेगळी. ब्रिटिश कोलंबियात मूळ सक्तीचा विमा आयसीबीसी या सरकारी कंपनीकडूनच घ्यावा लागतो, अल्बर्टात खासगी कंपन्यांकडून, आणि नव्याने आलेल्याला तिथे हप्ता चांगलाच चढा लागतो. निघण्याआधी आरटीओतून लायसन्सचा उतारा आणि विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्र, दोन्ही इंग्रजीत घेऊन ठेवा. हिवाळी टायर, कॅलगरीत ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा), हेही रकान्यात लिहा.

आरोग्यविमा विसरला जातो. परदेशातून थेट अल्बर्टात राहायला आलात आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज केलात, तर सरकारी विमा आल्या दिवसापासून लागू होतो. ब्रिटिश कोलंबियात आल्याचा उरलेला महिना आणि वर दोन महिने थांबावं लागतं. तेवढ्या काळाचा खासगी विमा भारतातूनच काढून निघा, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर.

5. एक साधा मंगळवार लिहून काढा

आता पत्त्यावर या. व्हँकुव्हरला जातो म्हणणारी बहुतेक कुटुंबं प्रत्यक्षात सरी, बर्नाबी, कोक्विटलममध्ये राहतात. सरीच्या किंग जॉर्ज स्टेशनहून स्कायट्रेन थेट डाउनटाउनला जाते, पण घर स्टेशनपासून बसने वीस मिनिटांवर असेल तर सगळं गणित बदलतं. गाडीने जायचं तर मध्ये फ्रेझर नदी आणि तिच्यावरचे पूल, आणि सकाळी पुलावर रांग ठरलेली.

कॅलगरीत सॅडल रिज, टाराडेल, मार्टिनडेल हा ईशान्येचा भाग भारतीयांचा. किराणा, मिठाई, गुरुद्वारा सगळं हाताशी आणि सॅडलटाउनहून सीट्रेन या शहरी रेल्वेची निळी लाइन डाउनटाउनला. वायव्येला टस्कनीपासून लाल लाइन.

मंगळवारच घ्या, कारण शनिवार-रविवार कुठलंही शहर चांगलं दिसतं. कोण किती वाजता निघणार, मुलाला कोण सोडणार, संध्याकाळी सहाला डेकेअर बंद होतं तेव्हा कोण पोहोचणार, डबा कधी होणार. दोन खऱ्या पत्त्यांसाठी, नकाशावर सकाळी आठची वेळ टाकून, हे लिहा. मला या कागदाइतकं उपयोगी दुसरं काही वाटत नाही. दिवसभर एकच माणूस धावताना दिसत असेल, तर तो पत्ता सोडा.

6. हवा: कोणती सोसते?

कॅलगरीची थंडी कोरडी आणि कडक. उणे तीसचे दिवस येतात. पण आकाश निळं, ऊन लख्ख, आणि अधूनमधून रॉकीज पर्वतावरून चिनूक नावाचा उबदार वारा येतो तेव्हा काही तासांत पारा वीस अंशांनी वर जातो. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना त्या दिवशी त्रास होऊ शकतो, हे घरात कुणाला असेल तर मनात ठेवा. उन्हाळ्यात गारा. जून 2020 मध्ये ईशान्य कॅलगरीत टेनिस बॉलएवढ्या गारांनी घरांची साइडिंग (भिंतींवरचं बाहेरचं आवरण) आणि गाड्यांच्या काचा फोडल्या, म्हणून घराचा विमा घेताना गारांची अट नीट वाचा.

व्हँकुव्हरला बर्फ थोडा. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवडेच्या आठवडे झिमझिम पाऊस, करडं आकाश, आणि लवकर पडणारा अंधार. कोकणातल्या पावसाची सवय इथे कामाची नाही, तो कोसळतो आणि हिरवं करून जातो. हा नुसता रेंगाळतो. मन लवकर उदास होणाऱ्यासाठी ही गोष्ट थंडीइतकीच गंभीर आहे.

आजी-आजोबा सुपर व्हिसावर (आई-वडिलांना जास्त काळ राहू देणारा व्हिसा) सहा-आठ महिने येणार असतील तर त्यांच्या पायांचा विचार करा. कॅलगरीत बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरापुढचा फुटपाथ साफ करायचा नियम आहे, तरी वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा थर उरतोच. व्हँकुव्हरला छत्री घेऊन ते एकटे बाहेर पडू शकतात.

7. माणसं

मराठी माणसं दोन्हीकडे आहेत, गणपती दोन्हीकडे बसतो. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेचा वर्ग घरापासून किती लांब आहे, तेवढं विचारून घ्या. रविवारी सकाळी तासभर गाडी चालवावी लागली तर मूल चार महिन्यांत सोडतं.

8. वाईट मोसमात बघा, मग एक वर्ष भाड्याने राहा

जुलैमध्ये जाऊन शहर निवडू नका. तेव्हा व्हँकुव्हरचा समुद्र आणि कॅलगरीची स्टॅम्पीड ही मोठी जत्रा कुणालाही जिंकते. शक्य असेल तर दोघांपैकी एकाने जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन दोन्ही शहरांत चार-चार दिवस राहावं, कामाच्या वेळी ट्रेनने फिरावं, शाळेच्या दारात सुटण्याच्या वेळी उभं राहून पालकांशी बोलावं.

पहिलं वर्ष भाड्याचं घर, कमीत कमी सामान. चुकलंच वाटलं तर दोन शहरांमध्ये रस्त्याने हजार किलोमीटरहून थोडं कमी अंतर आहे, मधे रॉकीज. ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल ब्रिटिश कोलंबियाच्या घाटरस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे असतात, म्हणून बदली उन्हाळ्यात करा. मुलाचं शाळेचं वर्षही त्यामुळे मोडत नाही. परवाना एका प्रांतात मिळाला असेल तर दुसऱ्यात तो पुन्हा मिळवणं पुष्कळ सोपं जातं. सरकारी आरोग्यविमा नव्या प्रांतात तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतो, तोवर जुना चालू राहतो. आणि प्रांताचा आयकर 31 डिसेंबरला तुम्ही जिथे राहत असाल त्या प्रांताच्या दराने, पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. प्रांत बदलायची तारीख त्या हिशेबाने ठरवा.