प्रश्नावली छापण्याआधी रजिस्टर उघडा

मोखाडा-जव्हारकडून वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांवर प्रबंध लिहायचं ठरलं की विद्यार्थी आधी प्रश्नावली छापायला धावतात. मी त्यांना दोन आठवडे थांबवते. कुणी काय काय मोजून ठेवलंय ते तर बघू.

सुरुवात जनगणनेपासून. संकेतस्थळावरून जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवून घ्या. गाववार लोकसंख्या, साक्षरता, कामगार, सगळं त्यात असतं. फक्त २०११ च्या यादीत पालघर शोधू नका. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे मोखाडा सापडेल ठाण्यात. गावाचा सहा आकडी संकेतांक वहीत लिहून ठेवा, एका नावाची गावं बरीच निघतात.

आकडा हाती आला की तक्ता करायची घाई होते. त्याआधी मोजणी कधी झाली ते बघा. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. पाड्यावरची कुटुंबं दिवाळी झाली की उचल घेऊन भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गणनेचा सगळा काळ जो बाहेर होता, त्याची नोंद तो होता तिथे करायची असा नियम. म्हणजे पाड्याची छापील लोकसंख्या ही फेब्रुवारीत मागे राहिलेल्यांची. मला हे उशिरा उमगलं. तोवर एका गावाच्या 'घटत्या' लोकसंख्येवर मी चार पानं लिहिली होती. ती काढून टाकावी लागली.

मग व्याख्या वाचा. वर्षात १८३ दिवस काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमांतिक. जुनी वर्षं शेजारी मांडताना तर फारच जपा. १९६१ ला हंगामात रोज तासाभराहून जास्त राबणारी बाईही कामकरी धरली होती. १९७१ ला 'मुख्य काम कोणतं' असं विचारलं आणि घर सांभाळून मजुरीला जाणाऱ्या बाया यादीतून गळाल्या. दोन्ही आकडे एका रेघेवर आणलेत तर त्या बायांवर अन्याय होईल.

एवढं झालं की गावात जा. माझ्या मते सगळ्यात बोलका कागद शाळेचा हजेरीपट. एका पाड्यावर मी तो ओळीवर बोट ठेवून वाचला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हजर असलेल्या मुली सुट्टीनंतर एकदम गैरहजर, त्या पार एप्रिलपर्यंत. गुरुजींनी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं 'भट्टी' लिहिलं होतं. असा कागद मुख्याध्यापकांच्या परवानगीनंच बघा, मुलांची नावं उतरवू नका, महिनावार गैरहजेरी तेवढी घ्या. तिच्याशेजारी रोजगार हमीच्या संकेतस्थळावरचे त्याच गावाचे महिनावार कामाचे दिवस ठेवून बघा.

जुन्या पिढ्यांसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारं माणूस आधीच गाठून ठेवा.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दीडशे शब्द, एकच विषय. 'स्थलांतराची माहिती द्यावी' असं मोघम लिहिलंत तर 'निरंक' असं उत्तर येऊ शकतं. नोंदवहीचं नाव, गाव आणि वर्ष घाला, आणि प्रत्यक्ष पाहणीची वेळही त्याच अर्जात मागा.