क्रेनवर लेसर लावला म्हणजे टक्कर टळली असं नाही : या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात एकाच गॅन्ट्रीवर (छताजवळच्या रुळांवर) दोन-दोन, तीन-तीन ईओटी क्रेन (विजेवर चालणाऱ्या ओव्हरहेड क्रेन) धावणाऱ्या शेड भरपूर आहेत. त्यांच्यावर टक्कररोधक लेसर बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले नीट करणं हे माझं रोजचं काम. फोन आला की निम्म्या वेळा पॅनेल उघडण्याआधीच चूक कळते, कारण चुका त्याच त्या असतात. तरुण इलेक्ट्रिशियन आणि मेंटेनन्सची मंडळी त्या पुन्हा करताना पाहून जीव तुटतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. लेसर क्रेन थांबवत नाही. तो फक्त अंतर मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो. सेन्सरमधून निघालेला किरण समोरच्या क्रेनवरच्या रेडियमच्या पाटीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. ठरवलेलं अंतर आलं की सेन्सर एक रिले (विजेने चालणारा स्विच) पाडतो, मग दुसरा : पहिला स्लो, दुसरा स्टॉप. पुढे जे काही करायचं ते ड्राइव्हने (मोटारचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) आणि ब्रेकने करायचं असतं. सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

ड्राइव्हचा रॅम्प बदलला, लेसर तसाच ठेवला

बुटीबोरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये २० टनांच्या दोन क्रेन होत्या. एलटीचा, म्हणजे शेडच्या लांबीने रुळांवरून धावण्याचा, वेग मिनिटाला ८० मीटर, म्हणजे सेकंदाला १.३३ मीटर. ड्राइव्हमध्ये थांबण्याचा रॅम्प, म्हणजे पूर्ण वेगावरून शून्यावर यायचा वेळ, ४ सेकंदांचा. मी स्लो ८ मीटरवर आणि स्टॉप ४ मीटरवर लावला, दोन्ही क्रेन समोरासमोर पूर्ण वेगात आणून तपासल्या. मध्ये पावणेदोन-दोन मीटर मोकळे राहत होते. सगळ्यांच्या सह्या झाल्या.

काही महिन्यांनी रात्री अकराला फोन आला : "साहेब, दोन्ही क्रेन भिडल्या. तुमचा लेसर फेल."

मी वर चढलो तेव्हा एका क्रेनचा रबरी बफर मधोमध फाटलेला होता आणि रेडियमची पाटी पुस्तक मिटावं तशी दुमडलेली होती. सेन्सरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता. पाटी सरळ केली, क्रेन मागे घेतली आणि टेप लावली. टेपवर ६.४० मीटर, सेन्सरवर ६.४२. लेसर अगदी खरं बोलत होता.

मग ड्राइव्हचं पॅनेल उघडलं. थांबण्याचा रॅम्प ८ सेकंद!

झालं असं होतं की थांबताना ड्राइव्ह ओव्हर व्होल्टेजवर ट्रिप होत होती. थांबताना उलट येणारी वीज जिरवणाऱ्या ब्रेक रेझिस्टरचं टर्मिनल ढिलं होऊन जळलं होतं. ते शोधण्याऐवजी तिथल्या इलेक्ट्रिशियनने दोन्ही क्रेनवर रॅम्प ४ चा ८ केला. ट्रिपिंग बंद झालं, प्रॉडक्शन सुरू झालं, त्याचं कौतुकही झालं. "एक पॅरामीटर तर बदलला, त्यात काय सांगायचं," असं तो नंतर म्हणाला.

आता हिशेब करा. रॅम्पमध्ये क्रेन किती सरकते? वेग गुणिले वेळ, भागिले दोन. ४ सेकंदांत २.६७ मीटर, ८ सेकंदांत ५.३३ मीटर. सेन्सर आणि रिलेला लागणाऱ्या वेळेत आणखी साधारण ४० सेंटीमीटर. दोन्ही क्रेन एकमेकींकडे येत असतील तर हे दुप्पट करायचं. आधी एकूण सव्वासहा मीटरच्या आत काम व्हायचं, आता साडेअकरा मीटर लागत होते, आणि लेसर सांगत होता ८ मीटरवर. भिडताना दोन्ही क्रेन मिनिटाला ४५ मीटरच्या आसपास वेगात असणार.

एका क्रेनला गर्डर लटकत होता. तो झोका घेऊन खालच्या लाकडी ओंडक्यांवर गेला. लोड सांभाळायला दोरी धरलेल्या खलाशाने (मदतनिसाने) ती वेळेत सोडली, पण सोडता सोडता दोरी हातातून सर्रकन गेली आणि तळव्याची साल निघाली. मी पोचलो तेव्हा तो हात बादलीत बुडवून बसला होता. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून "फक्त एक पॅरामीटर" हे शब्द मी खपवून घेत नाही.

माझी सवय अशी : पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर मार्करने चार आकडे आणि तारीख लिहितो. वेग, रॅम्प, स्लो अंतर, स्टॉप अंतर. खाली एक ओळ : "यातला एक बदलला तर बाकीचे तपासा." ड्राइव्हला पासवर्ड घालतो आणि तो मेंटेनन्स प्रमुखाकडे देतो.

टेस्ट करताना रुळाशेजारी खडूने रेघ मारतो. स्टॉपचा दिवा लागला तेव्हा चाक कुठे होतं ती एक रेघ, क्रेन प्रत्यक्ष कुठे थांबली ती दुसरी. मधलं अंतर टेपने मोजतो. आधी रिकाम्या हुकाने, मग लोड घेऊन, आणि दोन्ही क्रेन चालत्या ठेवून. एक क्रेन उभी करून दुसरी तिच्याकडे नेली आणि झाली टेस्ट, असं म्हणणाऱ्यांनी अर्धीच टेस्ट केलेली असते. नवीन मुलांना दुपारच्या जेवणाआधी रिपोर्टवर सही हवी असते. जेवण थांबू शकतं.

उत्तर आलं नाही, म्हणजे रस्ता मोकळा?

ही चूक पहिलीपेक्षाही घातक आहे, कारण ती टक्कर होईपर्यंत दिसतच नाही.

हिंगण्यातली एक शेड पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेच्या भिंतीत वरच्या बाजूला उजेडासाठी पारदर्शक शीट आहेत. मार्च लागला आणि रोज संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास एक क्रेन आपोआप स्लो होऊ लागली. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा ठीक. कोणी म्हणे व्होल्टेज, कोणी म्हणे केबल. कारण सोपं होतं. २१ मार्चच्या आसपास सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. मावळतीचं ऊन शीटमधून थेट बेच्या (शेडच्या एका गाळ्याच्या) लांबीने आत येत होतं आणि सेन्सरच्या डोळ्यात शिरत होतं. ऊन पडलं की सेन्सरला स्वतःचा किरण ओळखू येईना, तो फॉल्ट दाखवी आणि क्रेन स्लो करी. म्हणजे तो आपलं काम चोख करत होता.

तिथल्या माणसाने काय केलं? सेन्सरच्या सेटिंगमध्ये जाऊन "प्रतिध्वनी नाही" या स्थितीला "ओके" करून टाकलं. संध्याकाळचा त्रास संपला.

मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. सवयीप्रमाणे लेन्सवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि ऑपरेटरला क्रेन हळूहळू पुढे घ्यायला सांगितलं. क्रेन थांबायला हवी होती. ती निवांत चालत राहिली. मीच ओरडून थांबवली. ऑपरेटर खालून म्हणाला, "साहेब, लेसर हाय न, मंग कायले घाबराचं?" त्या बिचाऱ्याला काय माहीत, की त्याच्या क्रेनवर त्या क्षणी लेसर असून नसल्यासारखा होता. शेजारीच शॉट ब्लास्टिंग (बारीक गोळ्या मारून लोखंड साफ करणं) चालायचं. लेन्सवर धुळीचा थर बसला असता तरी सेन्सरने "रस्ता मोकळा" असंच सांगितलं असतं.

लेसर आंधळा झाला तर क्रेन थांबली पाहिजे, निदान स्लो झाली पाहिजे. यात तडजोड नाही. म्हणून रिले असा जोडायचा की सगळं ठीक असताना तो ओढलेला राहील. वायर तुटली, सप्लाय गेला, सेन्सर मेला, तर तो पडेल आणि क्रेन थांबेल. उलटं जोडलं तर तुटलेली वायर आणि मोकळा रस्ता यांत फरकच उरत नाही.

त्यासाठी सेन्सरचा पल्लाही पूर्ण बेचा हवा. बे ९० मीटर आणि सेन्सर ५० मीटरचा घेतला, तर समोरची क्रेन लांब आहे म्हणून उत्तर नाही की लेन्स मळली म्हणून, हे सेन्सरला कधीच कळणार नाही. खरेदी विभाग दोन पैसे वाचवायला छोटा पल्ला घेतो आणि मग साइटवरच्या माणसाला "ओके"ची पळवाट काढावी लागते. ऑर्डर निघायच्या आधी बेची लांबी टेपने मोजून द्या.

हिंगण्याच्या त्या शेडमध्ये मी सेन्सर पश्चिमेकडच्या क्रेनवर नेला आणि तोंड पूर्वेच्या बंद भिंतीकडे केलं. पाटी दुसऱ्या क्रेनवर गेली. वर पत्र्याची अर्ध्या फुटाची टोपी बसवली. सेटिंग पुन्हा फॉल्टवर. पुढचा मार्च बिनतक्रार गेला.

पाटी आणि ब्रॅकेट

जवळून किरण पाटीवर पडला म्हणजे लांबूनही पडेल, असं धरून चालू नका. ब्रॅकेट एका अंशाने वाकलं तर ३० मीटरवर किरण ५२ सेंटीमीटर सरकतो. लांब बेमध्ये मी एक मीटर बाय एक मीटरपेक्षा लहान पाटी लावत नाही आणि रेलिंगला ब्रॅकेट वेल्ड करत नाही. रेलिंग थरथरतं, गर्डर किंवा एंड कॅरेज (क्रेनच्या चाकांची चौकट) तेवढं थरथरत नाही. क्रेन रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन दर पाच-सात मीटरवर आकडा बघा. आकडा एखाद्या ठिकाणी उडी मारत असेल तर तिथे रूळ वाकडा आहे, आणि ते कळलं हा फायदाच.

नागपूरच्या उन्हाबद्दलही थोडं सांगतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान होतं, ते सावलीतलं. पत्र्याच्या छताखाली क्रेनच्या उंचीवर त्याहून जास्त असतं, आणि बरेच सेन्सर ५० अंशांपर्यंतच चालतात. तापलेला सेन्सर खोटं बोलू शकतो हे आपण २०२४ च्या मे महिन्यात पाहिलंच आहे. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. सेन्सर छतापासून जितका खाली घेता येईल तितका घ्या, आणि डिसेंबरात बसवलेल्या सिस्टमची पुन्हा एक टेस्ट मे महिन्यात दुपारी तीनला करा.

बायपासची किल्ली

लांब गर्डर दोन क्रेननी मिळून उचलायचा असेल तर क्रेन जवळ आणाव्याच लागतात. तेवढ्यासाठी बायपास, म्हणजे लेसर तात्पुरता बाजूला ठेवणारी किल्ली, देणं भाग असतं. गर्डर उतरतो आणि किल्ली तिथेच राहते, आठवडा, महिना. बायपासमध्ये क्रेन फक्त स्लो वेगात चालेल अशी वायरिंग करा, खालून दिसेल असा लुकलुकणारा दिवा लावा आणि किल्ली शिफ्ट इनचार्जच्या वहीत सही करूनच द्या. पॅनेलमध्ये वायरचा तुकडा टाकून केलेला बायपास दिसला तर मी आधी तो तुकडा काढतो, मग बाकी बोलतो.

बाकीच्या चुका थोडक्यात :

स्टॉप लागल्यावर दोन्ही दिशा बंद करू नका. मागे जायची वाट मोकळी हवी, नाहीतर ऑपरेटर बायपास शोधतोच.

स्टॉपचा रिले थेट मेन कॉन्टॅक्टरला (क्रेनची वीज तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) जोडू नका. ब्रेक एकदम बसतो आणि लोड झोका घेतो. ८ मीटर दोरीवरचा लोड पूर्ण वेगातून झटक्यात थांबला तर सव्वा मीटरपर्यंत पुढे जाऊ शकतो.

तीन क्रेन असतील तर मधलीला दोन्ही बाजूंना सेन्सर हवा.

सेन्सरची केबल मोटारच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये नको. शील्डवाली घ्या.

वेल्डिंगची अर्थ क्रेनच्या गर्डरला लावू नका.

लेसर क्लास १ आहे की क्लास २ हे लेबलवर वाचा. क्लास २ च्या लाल ठिपक्याकडे टक लावून पाहायचं नाही आणि वर चढलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत तो ठेवायचा नाही.

लेसर लावला म्हणून बफर आणि लिमिट स्विच काढू नका. हा सल्ला मला द्यावा लागतो, याचंच वाईट वाटतं.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटरने रिकाम्या हुकाने समोरच्या क्रेनकडे एकदा जावं, स्लो आणि स्टॉप दोन्ही पाहावेत. पाच मिनिटं लागतात. धूळ असलेल्या शेडमध्ये लेन्स आणि पाटी आठवड्याला मऊ सुती कपड्याने पुसा. कॉटन वेस्टने नको, त्यातल्या लोखंडाच्या किसाने काचेवर ओरखडे पडतात. आणि स्टॉपवर टेकवून क्रेन उभी करायची सवय ऑपरेटरला लागू देऊ नका. थांबवायचं त्याने, लेसर हा त्याची नजर चुकली तर.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं : हा लेसर क्रेन पाहतो, माणूस नाही. रुळावर ग्रीस लावणारा किंवा बसबार (क्रेनला वीज देणारी पट्टी) दुरुस्त करणारा माणूस त्याच्या किरणाच्या वाटेत नसतोच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली) घालून दिलेली अट अशी होती, की क्रेनच्या मार्गावर किंवा त्याजवळ, जिथे धडक बसू शकते अशा ठिकाणी, कोणी काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येता कामा नये. ते लेसरवर सोडायचं नाही. दोन्ही बाजूंना रुळावर क्लॅम्प बसवायचे, दोन्ही क्रेनचे आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद करून कुलूप घालायचं, आणि त्या कुलपाची किल्ली वर चढणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची.