ट्रॅक सॉने कापलेली कड जळत होती – माझा अनुभव

लक्षण: रेलखालच्या (ट्रॅक सॉ ही गोल करवत ज्या पट्टीवरून सरकते ती रेल), म्हणजे कामाच्या तुकड्याच्या कडेवर काळपट डाग आणि कमानीसारखे ओरखडे. नवीन ब्लेड लावलं, रेल पुसली, वेग बदलला. काहीच फरक नाही. दोन चांगले प्लाय वाया गेल्यावर फार चिडचिड झाली.

दोष ब्लेडच्या तिरकेपणात होता. मागचे दाते रेलकडे झुकून कापलेली कड पुन्हा घासत होते.

आधी प्लग काढा. मग बेसचे (सॉच्या तळपट्टीचे) अ‍ॅडजस्टर फिरवून रेलवरची सॉची ढिलाई घालवा. हे राहिलं तर पुढचं मोजमाप खोटं ठरतं. रेल टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढून सॉ पूर्ण खाली लॉक करा. एका दात्यावर खूण करून त्याचं रेलच्या धातूच्या कडेपासूनचं अंतर पुढे मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दाता मागे मोजा. माझ्याकडे मागे ०.३ मिमी कमी भरलं. मोटर बेसला धरणारे स्क्रू किंचित सैल करून मागचं अंतर पुढच्यापेक्षा ०.१ मिमी जास्त ठेवलं, स्क्रू आलटून पालटून आवळले, पुन्हा मोजलं. आवळताना सेटिंग हमखास सरकतं. इथे बारीक आट्यांचा एक स्क्रू कंपनीनेच द्यायला हवा.

शेवटी रेलच्या कडेची रबराची पट्टी जराशी बाहेर सरकवून नव्याने कापून घ्या, कारण कापाची रेषा बदललेली असते.